एवढं काम केलंत, मग टँकर कसा?

लग्नात जेवायला बसलो की, एसटीत शेजारी कुणी ओळखीचं भेटलं की, पुण्यात मामाकडं गेलो की, आमच्या गावाचं नाव निघतं आणि पाठोपाठ हा प्रश्न येतो. "तुमचं ते वॉटर कपवालं गाव ना? एवढं श्रमदान केलंत, मग परत टँकर कसा?" विचारणारा हळूच हसतही असतो. वॉटर कप म्हणजे पानी फाउंडेशनची श्रमदानातून पाणी अडवायची गावागावांतली स्पर्धा, 2018 मध्ये आम्ही तिच्यात उतरलो होतो. आजवर मी "पाऊसच झाला नाही हो" म्हणून सुटत आलो. ते खोटं नाही, 2023 चा पावसाळा आम्हा साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या लोकांना कोरडाच गेला आणि 2024 च्या उन्हाळ्यात टँकर लागला. पण तेवढंच कारण असतं तर ते सांगताना मी ताटाकडं बघितलं नसतं.

आधी त्या हसण्याचं बघतो, कारण ते झोंबतं. काम खरं होतं. 8 एप्रिल ते 22 मे 2018, 45 दिवस. फोटोपुरता टिकाव धरणारे होतेच, पण पहाटे पाचला डोंगरावर दीडशे माणूस असायचं. ए-फ्रेमनं, म्हणजे समपातळी दाखवणाऱ्या लाकडी चौकटीनं, रेषा आखून डोंगराला आडवे समतल चर खणले, ओघळींना दगडी बांध घातले, माथ्यापासून सुरुवात करून पायथ्याला आलो. त्या वर्षी पावसानं दगा दिला. सरकारनं 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आम्हीही होतो. चर भरले ते 2019 च्या परतीच्या पावसात. त्यानंतर तीन उन्हाळे गावात टँकर आला नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार, टँकर न आल्याची बातमी होत नाही.

आता आत्याबद्दल.

ती माझी चुलत आत्या. नवरा गेल्यावर माहेरी परत आली. हक्कसोडपत्रावर तिनं तरुणपणीच अंगठा दिलेला, त्यामुळं सातबाऱ्यावर नाव नाही. गायरानाच्या कडेला खोपी आणि नऊ शेळ्या, हा तिचा प्रपंच. 45 दिवसांत ती एकदाही चुकली नाही. विहीर नव्हती, रान नव्हतं, तरी घमेली उचलत होती. का येतेस, असं तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

चर भरले, गवत उठलं आणि आम्ही ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव केला. कारण खरं होतं. शेळ्यांच्या खुरांनी चराचा भराव ढासळतो, रोपाचा शेंडा तर त्या पहिल्यांदा खातात. दर शेळीमागं 50 रुपये दंड ठरला आणि पावतीपुस्तक माझ्याकडं आलं, कारण माझं अक्षर चांगलं आणि मी हिशेबाला चोख.

2020 च्या श्रावणात पोरांनी आत्याच्या शेळ्या धरल्या. गावचा कोंडवाडा कधीच पडलेला, म्हणून माझ्या अंगणात आणून कोंडल्या. ती मागोमाग आली. अंगणाच्या कडेला बसली, आधी पाणी मागून प्यायली. मग म्हणाली, "ह्यांना काय घालू, तेवढं सांग."

मी सांगितलं, डोंगरावरचं गवत कापून न्यायला मुभा आहे, आत्या. ठरावात तसंच लिहिलं होतं. ती हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "शेळी म्हस हाय व्हय रं, गवताचा भारा खायाला? तिला पाला लागतो, ओरबाडून." हे मला माहीत नव्हतं असं नाही. शेळ्यांत वाढलोय मी. कनवटीचे पैसे काढून तिनं मोजले, 450. मी पावती फाडली. माफ करता आलं असतं. पण पहिलीच पावती, तीही घरच्या माणसाची. सोडली असती तर उद्या सगळ्यांनी शेळ्या घातल्या असत्या. तेव्हा मला वाटलं, मी निःपक्षपाती आहे. आज वाटतं, निःपक्षपातीपणा दाखवायला मला सोपं माणूस मिळालं होतं. दिवाळीपर्यंत आणखी दोनदा पावती फाटली. मग तिनं शेळ्या म्हसवडच्या बाजारात विकल्या.

पुढच्याच वर्षी बोअरच्या गाड्या यायला लागल्या. आमच्याकडं वरचा मुरूम पाणी धरतो, खाली काळा पाषाण. चरांनी जे मुरवलं ते वरच्या थरात, सगळ्यांच्या विहिरींना वाटून. चारशे फूट बोअर गेला की ते पाणी खाली ओढलं जातं आणि शेजारच्या विहिरीचा तळ दिसतो. त्यात भर प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांची. भुईतलं पाणी उपसून उन्हात साठवायचं. शेतीसाठी 60 मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या, खाली बोअर घ्यायला कायद्यानं मनाई आहे. गाड्या रात्री यायच्या. माझ्या थोरल्या भावानं 420 फूट घेतला, त्या रात्री गाडीवाल्यांना चहा मी नेऊन दिला.

तरी 2022 मध्ये ग्रामसभेत मी उठलो. अभ्यासदौऱ्यात नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार गाव पाहिलेलं, तिथं चराईबंदीबरोबर शेतीच्या बोअरवरही बंदी आहे, पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरतात. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीनं तर माणशी पाणी वाटलं, भूमिहीनांनाही वाटा दिला. हे सगळं मी बोलत होतो. मागून आत्याचा आवाज आला, "माझ्या शेळ्या कोंडल्यास. आता बोअरची गाडी कोंड की."

सभा हसली. भाऊ समोरच बसला होता. मी खाली बसलो, आणि तो विषय त्यानंतर निघाला नाही.

तर हे असं. हिवरे बाजारच्या बंद्यांतली जी स्वस्त, तेवढी आम्ही घरी आणली. पण मी चराईबंदी चूक म्हणणार नाही, याबद्दल माझं माझ्याशीच भांडण चालू आहे. 2018 मधला मी म्हणतो, शेळ्या सोडल्या असत्या तर ते तीन उन्हाळेही मिळाले नसते. खरं आहे. मग मी म्हणतो, तिच्या नावानं पाण्याचा वाटा धरला असता आणि तो कुणी विकत घेतला असता, तर तिनंच चर राखले असते. कदाचित. कोण विकत घेणार होतं? माझा भाऊ?

आणि गोष्ट एवढी सरळही नाही. आत्या आता भावाच्याच डाळिंबात मजुरीला जाते. तो बोअर नसता तर बाग नसती, बाग नसती तर हा रोजगार नसता. भाऊ मला हेच ऐकवतो, आणि माझ्याकडं उत्तर नसतं.

परवा संध्याकाळी डोंगरावर गेलो होतो, बुजलेले चर बघायला. वरच्या अंगाला दोन पाटी, तरण्या शेळ्या, दिसल्या, बोरीचा पाला ओढत होत्या. कुणाच्या ते मला लांबूनच कळलं. पावतीपुस्तक अजून माझ्या कपाटात आहे. मी दुसऱ्या वाटेनं खाली उतरलो.