वोल्फेनचे जुने रोल : तारीख नंतर, आधी जागा

घरात सत्तर-ऐंशीच्या दशकांतले कृष्णधवल फोटो असतील, तर त्यातले काही ओर्वो या पूर्व जर्मन कंपनीच्या फिल्म रोलवर काढलेले असण्याची बरीच शक्यता आहे. पूर्व जर्मनीशी आपला व्यापार रुपयांत चाले आणि ओर्वो आपल्याकडे सर्रास मिळे. मी लाइपझिगला राहतो. तो रोल जिथे बनायचा ते वोल्फेन इथून जवळच. 1936 साली आग्फाकलर ही रंगीत फिल्म तिथूनच बाहेर पडली, ओर्वो हे नाव 1964 पासूनचं. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर कारखाना बुडाला. आता तिथे संग्रहालय आहे.

न वापरलेले, मुदत संपलेले रोल मात्र अजून सापडतात, आणि मी ते वापरतो. इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एनपी 20 या ओर्वोच्या कृष्णधवल फिल्मची डबी दिसली की मी मुदतीची तारीख नंतर बघतो. आधी विचारतो, हे तळघरात होतं की माळ्यावर? जर्मन घरांची तळघरं बारा महिने गार असतात आणि कौलांखालचे माळे उन्हाळ्यात तापतात. त्या उष्णतेने फिल्मवर करडं धुकं चढतं. माळ्यावरचा रोल मी घेत नाही, फुकट दिला तरी.

एनपी 20 मूळ 80 एएसएची (एएसए म्हणजे फिल्मच्या वेगाचा आकडा; तो जितका कमी, तितका उजेड जास्त लागतो). मी ती 20 धरून वापरतो, म्हणजे दोन स्टॉप जास्त उजेड; एक स्टॉप म्हणजे दुप्पट, दोन म्हणजे चौपट. रंगीत निगेटिव्हला मुदतीनंतरच्या दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त हा ढोबळ हिशेब चालतो, पण मंद, म्हणजे कमी एएसएची कृष्णधवल फिल्म त्याहून चांगली टिकते. 400 एएसएची फिल्म लवकर धुरकटते. वैश्विक किरणांचा मारा तिला जास्त जाणवतो आणि तो फ्रीजरमध्येही थांबत नाही. एकाच खोक्यातले बरेच रोल मिळाले तर एक चाचणीला खर्च करावा : तोच देखावा 80, 40, 20, 10 एएसए धरून काढून बघावा. ओर्वोच्या रंगीत स्लाइड फिल्मची रसायनं आता मिळत नाहीत, ती कृष्णधवल म्हणूनच धुवावी लागते.

कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी दमटपणाही सांभाळायला हवा. रोल हवाबंद पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर काही तास पिशवी उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरतं. विमानतळावर रोल हाताने तपासायची विनंती करा, सामान तपासणारी नवी सीटी स्कॅन यंत्रं न धुतलेली फिल्म खराब करतात.

आणि कपाटात वडिलांनी काढलेला, पण न धुतलेला रोल सापडला, तर तो जपून ठेवू नका. त्यावरचं चित्र दरवर्षी थोडं पुसट होतंय. कृष्णधवल धुणारी लॅब शोधा आणि याच महिन्यात पाठवा.