पिवळ्या पायांची पाणकोंबडी

सिडनीत मी जुन्या ग्रंथांच्या संवर्धनाचे काम करते. एका संग्राहकाने १७९० साली लंडनमध्ये छापलेल्या जॉन व्हाइट यांच्या न्यू साउथ वेल्सच्या प्रवासवृत्ताची रंगीत प्रत दुरुस्तीसाठी आणली. बांधणी सुटली होती, काही पानांच्या कडा फाटल्या होत्या. ती कामे नेहमीचीच होती. त्यांची खरी मागणी मात्र एका चित्रापुरती होती: ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रात असलेल्या लॉर्ड हाऊ बेटावरच्या पांढऱ्या पाणकोंबडीचे पाय पिवळे दिसतात, त्यांचा ‘उडालेला लाल रंग’ परत भरावा.

मागणी अगदीच निराधार नव्हती. आपल्याकडच्या तळ्यांवर दिसणाऱ्या जांभळ्या पाणकोंबडीची ही भाऊबंद, आणि तिचे पाय लालच असतात. शिवाय त्या काळच्या चित्रांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी परिस्थितीही नव्हती. व्हाइट हे १७८८ साली इंग्लंडहून कैद्यांना घेऊन ऑस्ट्रेलियात आलेल्या पहिल्या जहाजी ताफ्याचे मुख्य शल्यचिकित्सक. त्यांनी पाठवलेली वाळलेली कातडी समोर ठेवून लंडनमध्ये सारा स्टोन व इतर चित्रकारांनी पक्षी रंगवले. स्टोनबाईंनी ऑस्ट्रेलिया कधी पाहिलेच नाही, पण पिसांतले त्यांचे बारकावे मला आजही थक्क करतात. मात्र पक्षी मेल्यावर पिसांचा रंग बराच टिकतो, तर डोळे, चोच आणि पाय यांचा लवकर उतरतो, त्यामुळे चित्रकाराला नेमके तिथेच अंदाजावर विसंबावे लागे.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पायांवरचा पिवळा थर सलग होता आणि त्याखाली किंवा रेषांच्या कडेला लाल रंगाचा कणही नव्हता, उलट त्याच चित्रातली चोच मात्र लालभडक होती. मग मजकूर उघडला. व्हाइट यांच्या वर्णनातही चोच लाल आणि पाय पिवळेच आहेत. म्हणजे रंग उडाला नव्हता, तो तसाच दिला गेला होता. जिवंत पक्ष्याचे पाय लाल असतीलही, पण हे चित्र कातड्यावरून काढलेले आहे आणि तेच त्याचे मोल आहे, कारण १८३४ साली बेटावर वस्ती होईपर्यंत हा पक्षी नामशेष झाला होता आणि आज त्याची दोनच कातडी उरली आहेत, एक व्हिएन्नात, दुसरे लिव्हरपूलमध्ये.

संग्राहक प्रथम नाराज झाले. मी त्यांना चोच आणि पाय शेजारी शेजारी दाखवले, वर्णन वाचून दाखवले, आणि फाटलेल्या कडा जपानी कागद व गव्हाच्या खळीने जोडून रंगाला हात न लावता प्रत परत केली. पायांबद्दलची नोंद स्थिती-अहवालात स्वतंत्र परिच्छेदात लिहिली आहे.