पाच फूट दोन इंचांची बाई आणि नऊ फुटांचा रॉड

फट्.

जून महिना, सकाळचे सहा. चिपेवा फ्लोएजच्या पाण्यावर अजून धुकं होतं आणि साऱ्या शांततेत आमच्या बोटीतून तेवढा एकच आवाज येत होता. थोड्या वेळानं परत फट्. माझ्या नव्याकोऱ्या नऊ फुटी रॉडचा शेंडा दर हिसक्याला पाण्यावर आपटत होता. मागच्या सीटवरचे आमचे शेजारी, निवृत्त पोस्टमन, भला माणूस, काही बोलले नाहीत. आजी असती तर म्हणाली असती, "मासे धरतंस की धुणां धुतंस गो?"

मी मूळची मसुऱ्याजवळची, कालावल खाडीच्या काठची. सध्या मुक्काम विस्कॉन्सिन राज्यातल्या ओ क्लेअर गावी. आजोबांनी मला गरवायला शिकवलं ते चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठीवर. शेंड्याला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, तंगुसाला गरी, गरीला सुंगट, म्हणजे कोळंबी, आणि मग गप्प बसणं. त्या काठीचं काम सोपं होतं: माशाला बाहेर काढायचं. एकदा चोणक लागला होता. त्यानं तंगूस तोडून नेला आणि आजोबांनी तीन दिवस माझ्याशी त्याच विषयावर बोलणं चालू ठेवलं. सांगायचा मुद्दा, काठी ही माशासाठी असते ही समजूत माझ्या डोक्यात सातव्या वर्षापासून पक्की बसलेली. इथे आल्यावर ती काढायला मला एक अख्खा उन्हाळा आणि दोन रॉडचे पैसे लागले.

इथला मासा म्हणजे मस्की. मस्कलंज हे त्याचं पूर्ण नाव, ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आलेलं. लांबट अंग, बदकाच्या चोचीसारखा चपटा जबडा आणि आत दातांची आरी. चार फूट लांबीचा मासा ही इथे थाप नसते. 1955 पासून हा विस्कॉन्सिनचा अधिकृत राज्य-मासा आहे. आपल्याकडे शेकरूला जो मान, तो इथे याला. हेवर्ड गावातल्या मत्स्य-संग्रहालयात त्याचा फायबरग्लासचा पुतळा आहे, लांबी 143 फूट. पोटातून जिना चढून तुम्ही जबड्यात उभे राहता आणि दातांमधून गाव बघता. मी फोटो पाठवला तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर "याचे किती तुकडे पडतील" यावर अर्धा दिवस चर्चा झाली.

जगातल्या सर्वांत मोठ्या मस्कीचा वाद इथे भावबंदकीसारखा चालू आहे. एका यादीत 69 पाउंड 11 औंसांचा, याच चिपेवा फ्लोएजमधला. दुसऱ्या यादीत 67 पाउंड 8 औंसांचा, जवळच्या तळ्यातला. त्या तळ्याचं नाव लिहितात फ्रेंचमध्ये, बोलतात मात्र 'लाकूदरे'. दोन्ही मासे 1949 सालचे, तीनेक महिन्यांच्या अंतरानं धरलेले, आणि दोन्हींबद्दल शंका घेणारे आजही मिळतात. आमिषांच्या कुठल्याही दुकानात हा विषय काढा, कॉफी फुकट मिळते.

मस्कीला इथे 'दहा हजार फेकींचा मासा' म्हणतात. आकडा कोणी मोजलेला नाही, पण दिवसाचा हिशोब मी केला आहे. सहा तास, मिनिटाला जेमतेम एक फेक, म्हणजे तीनशेच्या वर फेका. जर्कबेट टाकत असाल तर दर फेकीला दहा-बारा हिसके. दिवसाला साडेतीन हजार हिसके! आणि मासा? लागलाच तर झुंज काही मिनिटांची. आता सांगा, रॉड कोणासाठी घ्यायचा?

जर्कबेट म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. हे वीतभर किंवा त्याहून लांब, बहुधा लाकडाचं आमिष असतं, वजन दोन ते चार औंस. औंस म्हणजे 28 ग्रॅम, तेव्हा जाडजूड जर्कबेट साबणाच्या अख्ख्या वडीएवढं भरतं. त्याला पुढे पातं नाही, मागे पंखा नाही. नुसतं ओढलंत तर ओंडक्यासारखं येतं. जीव घालायचा तो तुमच्या हातानं. आमच्या शेजाऱ्यांचं दैवत म्हणजे सुइक. याच राज्यातल्या अँटिगो गावचं, कित्येक दशकं बनत आलेलं आमिष. चपटी लाकडी फळी, शेपटीला पत्र्याचा तुकडा. रॉडचा शेंडा खाली ठेवून एक लांब हिसका द्यायचा, की सुइक डोकं खाली करून बुडी मारतं. मग थांबायचं. लाकूडच ते, हळूहळू मागे सरकत वर येतं. मस्की घेतो तो बहुतेक याच थांबण्यात.

हे वर येणं फ्लोएजवर फार कामाचं. फ्लोएज म्हणजे धरणाचा फुगवटा. 1923 मध्ये विंटर नावाच्या गावाजवळ धरण झालं आणि ओजिब्वे लोकांचं एक गाव आणि त्यांची जंगली भाताची खाचरं पाण्याखाली गेली. कोयनेच्या काठच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. त्या बुडालेल्या रानाचे बुंधे अजून पाण्याखाली उभे आहेत. पातं फिरवत येणारं आमिष तिथे अडकतं. सुइकला मात्र बुंधा लागला की तुम्ही हात सैल सोडता आणि ते आपलं आपण तरंगून सुटतं.

तर असं आमिष हातात घेऊन मी नऊ फुटी रॉडनं हिसके मारत होते. दुकानदारानं फसवलं असं म्हणणार नाही. तो म्हणाला, "आता सगळे नऊ फुटीच नेतात," आणि त्यात तथ्य आहे. बकटेल, म्हणजे पितळी पात्यांचं केसाळ आमिष, किंवा रबराचं थोराड आमिष लांब फेकायला लांब रॉड उत्तम. मस्कीला आणखी एक खोड असते. तो आमिषाच्या मागे मागे थेट बोटीपर्यंत येतो आणि तिथे नुसता बघत राहतो. तेव्हा रॉडचा शेंडा पाण्यात खुपसून इंग्रजी आठचा आकडा काढत राहायचा. लांब रॉडनं आकडा मोठा निघतो, लांबड्या माशाला वळायला जागा मिळते. सगळं खरं. फक्त दुकानदारानं मला विचारलं नाही की टाकणार काय, आणि माझ्याकडे नीट बघितलंही नाही. माझी उंची पाच फूट दोन इंच.

जर्कबेटचा हिसका वर नसतो, खाली असतो. मी बोटीच्या फळीवर उभी राहिले की माझी मूठ पाण्यापासून चार-साडेचार फुटांवर येते. मुठीच्या पुढे साडेसात फूट रॉड. खाली हिसका मारायला जागाच उरत नाही, शेंडा पाण्यात. मग मी आडवे हिसके द्यायला लागले. त्यानं सुइक बुडेना, नुसतं घरंगळत येई. दुपारपर्यंत उजव्या खांद्यात कळ आली. शेवटी शेजाऱ्यांनी न बोलता आपला जुना रॉड माझ्या हातात दिला. साडेसहा फूट, रंग उडालेला, झाडूच्या दांड्यासारखा ताठ. पूर्वी जर्कबेटचे रॉड असेच असत. पहिल्या हिसक्याला सुइकनं अशी बुडी मारली की मी दचकले. तेच आमिष, तेच पाणी.

त्या दिवशी मला कळलं की माझा रॉड नुसता लांब नव्हता, मऊही होता. मी द्यायचे तो हिसका रॉडच अर्धा खाऊन टाकायचा. आमिषापर्यंत उरलासुरला पोचायचा. रॉडच्या दोन गोष्टी लोक एकात कालवतात. एक पॉवर, म्हणजे वाकवायला किती जोर लागतो. दुसरी ॲक्शन, म्हणजे वाकतो कुठून. नारळाच्या झावळीचा हीर मुळापासून वाकतो. चिव्याची काठी वाकते ती वरच्या हातभरात, खाली ती काठीच राहते. सुइकसारख्या बुडी मारणाऱ्या आमिषाला चिव्याची जात हवी: पॉवर हेवी, ॲक्शन फास्ट. दुसरी एक जात असते, डावीकडे-उजवीकडे सापासारखी सरकणारी, तिला ग्लायडर म्हणतात. तिला लांब हिसके नकोत, मनगटाच्या छोट्या टिचक्या पुरतात, आणि तिथे शेंडा जरा नरम असला तरी चालतो, उलट बरा. पण दोन जातींना दोन रॉड घ्यायचे तर घरी खुलासा द्यावा लागतो.

दुसऱ्या खेपेला मी दुसऱ्या दुकानात गेले, आणि शहाणपण करून सुइक, बोटीत घालतो ते लाइफ जॅकेट आणि घरचं स्टूल बरोबर नेलं. काउंटरवरच्या पोरानं स्टूल बघून भुवया उंचावल्या. मी स्टुलावर चढले, रॉड धरला आणि खाली हिसका मारला. फरशीला शेंडा लागला की तो रॉड बाद. आठ फुटी बाद झाले. मग शेंड्याला सुइक टांगून रॉड आडवा धरला. वरचा हातभर भाग बाकदार झाला तर ठीक, पण मधल्या कडीपर्यंत रॉड ओणवा झाला की तोही बाद. मुठीच्या वर छापलेलं आमिषाचं वजन वाचायचंच, पण कंपनीगणिक त्या आकड्यांचा अर्थ सैल-घट्ट असतो. टांगलेलं आमिष जास्त खरं बोलतं.

आणि एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती: मागची मूठ. लांब फेकीसाठी मूठ लांब ठेवतात, दोन्ही हातांनी फेकता यावं म्हणून. पण हिसका मारताना तीच मूठ माझ्या बरगडीत टोचायची किंवा जॅकेटच्या पट्ट्यात अडकायची. सहा फुटी पुरुषाच्या कोपराखाली ती आरामात मावते. माझ्या मापाचं जॅकेट घालून मी स्टुलावर पंचवीस-तीस हिसके मारले तेव्हा दुकानातले दोन आजोबा सल्ला द्यायला येऊन उभे राहिलेच. त्यांतल्या एकाचा सल्ला चांगला होता: रिळाचा दांडा डावीकडे असलेलं घे, म्हणजे हिसका तुझ्या जोरकस उजव्या हातात राहील आणि फेकल्यावर हात बदलायला नको.

शेवटी सात फूट तीन इंच, हेवी, फास्ट, दोन ते सहा औंसांच्या आमिषांसाठीचा रॉड घेतला. याच राज्यातल्या पार्क फॉल्स गावच्या सेंट क्रॉय कंपनीचा. ग्रॅफाइटचा आहे, हलका, पण बोटीच्या कडेवर आपटला तर काचेसारखा रुसतो, म्हणून ठेवताना जपावं लागतं. रिळावर 80 पाउंडाची वेणीची दोरी. तंगूस इथे कामाचा नाही, तो ताणतो आणि हिसका पुन्हा वाटेतच जिरतो. दोरीच्या टोकाला दात न लागणारी तार, बस्स.

आठचा आकडा आखूड रॉडनं लहान निघतो, हे खरंच आहे. त्यावर माझा उपाय म्हणजे गुडघे टेकायचे आणि कोपरापर्यंत हात पाण्याकडे न्यायचा. जुलैमध्ये दोनदा मस्की माझ्या आकड्यामागे फिरला. एकदा इतका जवळ की त्याच्या डोळ्याभोवतीची सोनेरी कड दिसली. बोटीखाली गेला आणि पुन्हा आला नाही. मग पाणी 80 अंश फॅरनहाइटच्या वर गेलं आणि शेजाऱ्यांनी बोट काढणं बंद केलं. इतक्या कोमट पाण्यात दमलेला मस्की सोडला तरी जगण्याची खात्री नसते, आणि हा मासा इथे सोडण्यासाठीच धरतात.

हे सोडणं माझ्या काकांच्या पचनी पडत नाही. व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "एवढे पैशे घालून मासो धरतंस आनि परत सोडतंस? खुळी झालंस काय?" नवऱ्याला मात्र ते एकदम पटलं. तो सोलापूरचा, घर शाकाहारी. मासा धरायचा, बघायचा, सोडायचा आणि घरी येऊन भाकरी-पिठलं खायचं, याहून निर्मळ छंद त्याला माहीत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही तिघं फ्लोएजवर गेलो. मेपल लाल झाले होते. नवरा पाच फूट अकरा, हात लांब, आणि गॅरेजात पडलेला नऊ फुटी रॉड वाया जाऊ नये म्हणून शेजाऱ्यांनी त्याला बकटेल बांधून दिलं होतं. मी पुढे, माझ्या नव्या रॉडनं सुइकच्या एकाहून एक सुरेख बुड्या काढत. साडेदहाच्या सुमारास मागून "अगं, अगं, हे अडकलं" असा आवाज आला. वळून बघते तर त्याचा भलामोठा आठचा आकडा मध्येच थांबलेला आणि पाणी फुटलेलं.

41 इंच. शेजाऱ्यांनी जाळीतच गरी कापली, नवऱ्यानं दोन्ही हातांनी शेपटीजवळ आणि पोटाखाली धरून त्याला पाण्यात धीर दिला, आणि तो गेला. नवऱ्याच्या शर्टाला वास येत होता आणि तो काही केल्या बसायला तयार नव्हता. "रॉड छान आहे गं हा," तो म्हणाला.

मी सुइकची पत्र्याची शेपटी किंचित वाकवली आणि परत फेकलं.