ट्रिक्सी आली, तिच्यामागची माणसं

रविवार, १० ऑगस्ट २०२५

काल ऐन राखी पौर्णिमेला डेबियन १३ आलं. डेबियन म्हणजे जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून बनवलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, आणि ही तिची नवी आवृत्ती. नाव ट्रिक्सी. जवळजवळ सत्तर हजार पॅकेजेस, म्हणजे इन्स्टॉल करायला तयार असलेली सॉफ्टवेअरची गाठोडी, आणि रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेच्या प्रोसेसरला पहिल्यांदाच अधिकृत स्थान. बातम्यांमध्ये एवढंच येईल.

मला त्यातलं सगळ्यात मोठं काम वाटतं ते वेळेचं. जुन्या ३२ बिट पद्धतीत कॉम्प्युटर १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो आणि १९ जानेवारी २०३८ ला त्या आकड्यातली जागाच संपते. जागा वाढवायची तर शेकडो लायब्रऱ्यांची (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडची) नावं बदलायची आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली पॅकेजेस नव्यानं बांधायची, तीही मधल्या काळात काही न मोडता. हे किचकट काम पुढे होऊन रेटणाऱ्यांत स्टीव्ह लँगासेक होते. २००५ च्या सार्ज आणि २००७ च्या एच या आवृत्त्यांच्या वेळीही रिलीजची जबाबदारी त्यांनी वाहिली होती. या १ जानेवारीला ते गेले. ट्रिक्सी त्यांना बघायला मिळाली नाही, याचं आज फार वाईट वाटलं.

डेबियनमध्ये गेलेल्या माणसाला आवृत्ती अर्पण करण्याची रीत आहे. स्ट्रेच ही आवृत्ती डेबियनचे संस्थापक इयान मर्डॉक यांना, लेनी ही डेव्हलपर टीमो सॉयफर यांना. पण मला आठवत राहतो तो जोएल क्लेकर, सगळ्यांचा 'एस्पी'. ज्याच्यावर जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम उभा असतो ते जीलिबसी पॅकेज तो सांभाळायचा. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजारानं तो अंथरुणाला खिळलेला होता, आणि बरोबर काम करणाऱ्या बहुतेकांना याचा पत्ताच नव्हता. जुलै २००० मध्ये तो गेला, अवघ्या २१ व्या वर्षी. पुढच्याच महिन्यात आलेली २.२ आवृत्ती त्याला अर्पण केली. अर्पणपत्रिका वाचताना दरवेळी वाटतं, हे सगळं त्याला जिवंतपणी कुणी सांगितलं असेल का?

जे आज काम करताहेत त्यांची नावं शोधायला लांब जावं लागत नाही. प्रत्येक पॅकेजबरोबर चेंजलॉगची, म्हणजे केलेल्या बदलांच्या नोंदींची, फाइल येते. नोंदीखाली नाव, ईमेल, तारीख, वेळ, टाइमझोनसुद्धा. आज बऱ्याच फाइली उघडून बघितल्या. कुणाची नोंद रात्री साडेअकराची, कुणाची रविवार दुपारची. नोकरी, घर, मुलंबाळं सांभाळून उरलेल्या वेळात केलेलं काम आहे हे! इन्स्टॉलर मराठीत चालतो तोही असाच, कुणीतरी एकेक ओळ बसून मराठीत आणली म्हणून.

रिपोर्टबग हे डेबियनमधल्या चुका, म्हणजे बग, कळवायचं साधन आपण तक्रारीसाठीच वापरतो. पण त्यात 'कुडोस' नावाचा पर्याय आहे. तो दिला की बग नोंदवला जात नाही, पॅकेज सांभाळणाऱ्याला थेट आभाराची मेल जाते. किती जणांना हे ठाऊक असेल!

आज लोहित देवनागरी फॉन्टच्या पॅकेजसाठी ती मेल पाठवली. लिहिलं की मी दिवसभर मराठी लिहिते-वाचते ते याच अक्षरांत, 'क्ष' आणि 'र्‍या' कुठेही मोडत नाहीत, मनापासून आभार. उद्या छपाईचं कप्स पॅकेज सांभाळणाऱ्यांना लिहायचंय. ऑफिसातला जुना प्रिंटर अजून चालतोय तो त्यांच्यामुळे.