लेव्हलपुरतं बोला

मुलाखतीला आलेल्या कलाकाराला स्टुडिओत बसवलं, माइक तोंडासमोर आणला, की काचेपलीकडून टॉकबॅकवर इंजिनिअरचा आवाज येतो, "काहीतरी बोला, लेव्हल घेतो." म्हणजे ध्वनिमुद्रणाआधी तुमच्या आवाजाचा जोर बघतो. आणि हजारो लोकांसमोर गायलेला माणूस एकदम बावरतो. काय बोलू? "काहीही बोला हो." हे 'काहीही' फार अवघड. गा म्हटलं तर ते तासभर गातील. पण उगाच बोलायचं, तेही कुणी ऐकणार नाही हे माहीत असताना, याची तालीम कुठल्याच घराण्यात देत नाहीत.

मी जळगाव आकाशवाणीवर कॅज्युअल अनाउन्सर होते. कागदावर नैमित्तिक उद्घोषक, पण तो शब्द कागदावरच राहिला. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी 'कॅज्युअल'. भुसावळहून गाडीने यायचं, आकाशवाणी चौकापर्यंत रिक्षा, ड्युटी संपली की उलट प्रवास. तेवढ्या भांडवलावर लग्नाकार्यात अजूनही मला कुणी ना कुणी गाठतं आणि म्हणतं, "तुम्ही तर केवढ्या मोठमोठ्या लोकांना भेटला असाल!" भेटले ना. पण भेटले म्हणजे काय, तर त्यांची लेव्हल घेताना समोर बसले.

लेव्हल घेणं हे काम अर्ध्या मिनिटाचं. मीटरवरचा काटा लाल पट्ट्यात घुसला तर आवाज फाटतो, फार खाली लोळत राहिला तर टेपची सूंऽऽ वर येते. मधली जागा सापडेपर्यंत समोरच्याने बोलत राहायचं. काट्याला पद्मश्री कळत नाही, नुसता जोर कळतो.

खानदेशात एवढे मोठे कलाकार यायचे याचं निम्मं श्रेय मी रेल्वेला देते. मुंबईहून आलेली लाईन भुसावळला फुटते, एक फाटा नागपूरकडे, एक खंडवा-इटारसीकडे. मध्य रेल्वेने उत्तरेला निघा की पूर्वेला, खानदेश ओलांडल्याशिवाय सुटका नाही. नाटक कंपन्या, गवई, तबलजी, सगळे याच रुळांवरून गेले. बालगंधर्वांना लहानपणी गाण्याची तालीम मिळाली ती जळगावातच, मेहबूब खाँ यांच्याकडे. त्यामुळे बाहेरून आलेला गायक लेव्हलला काही सुचलं नाही की हमखास तोच धागा धरायचा, "बालगंधर्व इथलेच ना हो, म्हणजे इथे शिकले ना?" आम्ही काचेआडून मान हलवायचो. जळगावकराला या प्रश्नाचा कंटाळा कधी येत नाही.

कलाकार बहुतेक रात्रीच्या मैफलीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे यायचे. आयोजक त्यांना गाडीत घालून आणायचे. घसा बसलेला, झोप अर्धवट, आणि पुढची गाडी बाराची. त्यात मे महिना असेल तर बाहेर 45 अंश आणि आत स्टुडिओतलं गार एसी. तंबोऱ्याच्या तारा लगेच हलणार. तो पुन्हा लागेपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचं. आमचे एक शिपाईकाका तेवढ्यात दार किलकिलं करून अस्सल अहिराणीत विचारायचे, "दादा, तुमले च्या लई येऊ का?" दिल्ली-कलकत्त्याच्या माणसालाही त्यातलं 'च्या' बरोबर कळायचं.

नावं मात्र सांगणार नाही. त्यातले बरेच आता नाहीत, आणि ते जे बोलले ते माइकसाठी बोलले होते, माझ्यासाठी नाही.

एक ख्यालगायक आले होते. दबदबा असा की आमच्या साहेबांनी त्या दिवशी शर्ट इन केला होता. बुवा बसले, डोळे मिटले. आम्हाला वाटलं, आता षड्ज लागणार. इंजिनिअर म्हणाला, "बुवा, थोडं बोलता का?" बुवांनी डोळे उघडले आणि गंभीरपणे विचारलं, "काल रात्री भरित खाल्लं. त्यात दाणे आणि खोबरं होतं, ते ठीक. पण वांगं असं दोरे-दोरे सुटलेलं कसं राहतं? आमच्याकडे लगदा होतो."

आता हा प्रश्न खानदेशातल्या माणसाला विचारायचा म्हणजे लेव्हल गेली बाजूला. इंजिनिअर आसोद्याकडचा. टॉकबॅकचं बटण दाबून तो जो सुरू झाला, तो वांग्यापासून. बामणोदचं वांगं घ्यायचं, हिरवट-पांढरं, बिया कमी. गॅसवर भाजायचं नाही, तुरकाट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांवर भाजायचं. सोललं की सुरी-चमचा लावायचा नाही, लाकडी बडगीत घालून ठेचायचं. हिरवी मिरची आणि लसूण, कांद्याची पात वरून. बुवा मधूनमधून "बडगी म्हणजे?", "पात कच्चीच?" असं विचारत होते, आणि काटा मात्र इतका सुरेख मधोमध डुलत होता की तशी लेव्हल पुन्हा कुणाची मिळाली नसेल. बरोबर आलेला शिष्य घड्याळ दाखवायला लागला तेव्हा कुठे मुलाखत सुरू झाली.

मुलाखतीत त्यांनी काय सांगितलं? घरातच संगीताचं वातावरण होतं, वडिलांचा विरोध होता पण आईचा पाठिंबा होता, गुरूंची कृपा, रसिकांचे आशीर्वाद, तरुणांनी रियाज करावा. सगळं खरंच असणार. पण अशी मुलाखत मी इतक्यांची घेतली की मधलं नाव बदललं तरी टेप तीच चालली असती. दोष त्यांचा नव्हता. "संगीताची आवड कशी निर्माण झाली?" असा प्रश्न कागदावर लिहून आणला की उत्तरही इस्त्री करूनच येणार.

वाद्यवाले लेव्हलला बोलतच नाहीत. तबलजींना बोला म्हटलं की ते तोंडानेच 'धिरधिर' सुरू करतात आणि काटा भिंतीला जाऊन आपटतो. सनईवाले तर मुळीच बोलू शकत नाहीत, पत्ती तोंडात भिजत ठेवलेली असते. मग सगळा कारभार भुवयांवर. सिनेमात गाणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांना काही सांगावंच लागलं नाही. माइकपासून नेमक्या अंतरावर येऊन उभ्या राहिल्या, 'प' आणि 'फ'ला मान किंचित वळवत चार ओळी बोलल्या, आणि इंजिनिअरला म्हणाल्या, "बास ना?" बास होतं. कारागिरी म्हणतात ती ही. पण त्या चार ओळी काय होत्या, आज आठवत नाही. त्यांनी माइकला नेमकं तेवढंच दिलं होतं, वर एक शब्द नाही.

याच्या अगदी उलट वहीगायनाची, म्हणजे खानदेशी लोकगायनाची मंडळी. गावाकडून जीपमध्ये दाटीवाटीने यायची, डफ सांभाळत. त्यांच्या म्होरक्याला म्हटलं, "दादा, लेव्हलपुरतं काहीतरी बोला," की तो उभा राहायचा आणि मंडळाचं नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, सरपंचांचे आभार, एवढं सगळं एका दमात. मोठ्या कलाकारांना 'काहीही बोला' याची भीती वाटायची. यांना ती संधी वाटायची. मला विचाराल तर रेडिओ कुणाला खरा कळला होता, तर यांना.

पेटीवाल्या एका काकांची लेव्हल मात्र मी कुणाला सांगितल्याशिवाय राहत नाही. नावाजलेले वादक, मोठमोठ्या गवयांना साथ केलेली. त्या दिवशी मात्र कार्यक्रम त्यांचाच होता. स्टुडिओच्या दारापाशी ते थांबले, शिष्याच्या हातातल्या पेटीवर हात ठेवला आणि विचारलं, "ही आत येऊ द्याल ना?" मी हसले. ते हसले नाहीत. रेडिओवर पेटीला 1940 पासून बंदी होती. पेटीचे सूर ठोकून बसवलेले, त्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद सरकणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा, निघत नाहीत, म्हणून ती आपल्या संगीताची नाही असा तेव्हाचा निवाडा. देशभर बैठकीत, भजनात, तमाशात, कीर्तनात पेटी, आणि रेडिओच्या दारात मज्जाव. 1971 मध्ये ती बंदी सैल झाली. जळगाव केंद्र सुरू झालं 1976 साली, म्हणजे आमच्या स्टुडिओत साथीच्या पेटीला कुणी कधी अडवलेलंच नव्हतं. पण काकांचं उमेदीचं वय त्या बंदीत गेलेलं. साथीला सारंगी चालेल, पेटी नको, असं ऐकत ते म्हातारे झाले होते.

आत बसल्यावर लेव्हलला बोला म्हटलं तर त्यांनी भाता हलवला, एकच सूर धरून ठेवला, बराच वेळ, आणि त्यावर बोलले, "ऐकू येतेय का बघा ही. हिचं आधी बघा, माझं राहू द्या." इंजिनिअर म्हणाला, "मस्त येतेय काका." काकांनी तो सूर तरीही सोडला नाही.

ते ध्वनिमुद्रण पुढे प्रसारित झालं. ते वाक्य अर्थातच नाही. कारण लेव्हलची तऱ्हा अशी: थोडी टेप फिरवायची, ऐकून बघायची, मागे घ्यायची, आणि तिथूनच खरं ध्वनिमुद्रण सुरू करायचं. पाव इंच रुंदीची टेप सेकंदाला साडेसात इंच पळते. अर्ध्या मिनिटाचं बोलणं म्हणजे जवळजवळ 19 फूट. मशीनमध्ये आधी पुसणारं हेड, मग उमटवणारं, त्यामुळे नवा आवाज यायच्या आत जुना गेलेला असतो. बुवांच्या मुलाखतीतली गुरुकृपा नेमकी त्या फुटांवर उमटली आहे जिथे आधी बामणोदची वांगी होती. आणि ती मुलाखत तरी कुठे राहिली असेल? साध्या मुलाखतीची स्पूल लागली की पुसून पुन्हा वापरायची, हा रेडिओतला जुनाच रिवाज. वर कदाचित कापसाचे बाजारभाव आले असतील.

माझा भाचा मोबाईलवाल्या पिढीतला. त्याला हे सगळं सांगितलं तर त्याने सरळ विचारलं, "मावशी, फोटो?" फोटो नाही. तेव्हा स्टुडिओत कॅमेरा न्यायचं कुणाच्या मनातही नव्हतं. "मग ऑटोग्राफ तरी?" म्हटलं, तो आहे, सगळ्यांचा आहे. मानधनाच्या पावतीवर, रेव्हेन्यू स्टॅम्पवरून आडवी, पूर्ण नावाची सही. बुवांनी तर खाली तारीखही घातली होती. मीच ती पावती जपून नेली आणि अकाउंट्स सेक्शनला देऊन पोच घेतली.