नऊ लाखांचा संच आणि काळी एकचा तंबोरा

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून गेल्या वर्षी नऊ लाख रुपयांचा गाणे ऐकण्याचा संच घेतला, तेव्हा घरातल्या बहुतेकांनी त्याला वेड्यात काढले. मी काढले नाही, कारण आम्ही दोघेही एकाच तंबोऱ्याच्या नादात वाढलो आहोत. काका, म्हणजे मावशीचे यजमान, रोज पहाटे काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, तंबोरा लावून रियाजाला बसत आणि आम्ही मुले अंथरुणात पडल्या पडल्या तो ऐकत असू. खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची, तार नीट लागली की तिच्यातून गंधार, म्हणजे 'ग', आपोआप बोलू लागतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. काका तो बोलेपर्यंत गळ्यातून स्वर काढत नसत. दादाला त्या नऊ लाखांत नेमके काय हवे होते ते मला ठाऊक होते, आणि म्हणूनच ते त्याला मिळाले की नाही हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

खर्चाची विभागणी अशी होती: स्पीकरची जोडी 5 लाख 20 हजार, अ‍ॅम्प्लिफायर 2 लाख 10 हजार, सीडी प्लेअर 90 हजार आणि नुसत्या वायरी 80 हजार. पहिल्या रविवारी आम्ही गायक उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा राग लावला. खाँसाहेबांचे बालपण आणि सुरुवातीची तालीम याच शहरातली, त्यामुळे आमच्या घरात त्यांच्या ध्वनिमुद्रिकेचा मान पहिला. पाच मिनिटांतच मला अस्वस्थ वाटू लागले. झुमरा तालाच्या ठेक्यातला तबल्याचा डग्गा खोलीभर घुमत होता, मंद्रातला आवाज जाड होऊन पसरत होता आणि तंबोरा त्याखाली पुरता गाडला गेला होता. दादा काही बोलला नाही, पण दर दोन मिनिटांनी उठून तो आवाज कमी-जास्त करत होता. ज्या दुकानदाराकडून संच घेतला त्याने फोनवर सांगितले, की संच मोकळा व्हायला दोन-तीनशे तास लागतील. चार महिने उलटले तरी डग्गा तसाच घुमत होता.

दोष संचात नव्हताच. दादाची बैठकीची खोली 16 फूट लांब आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक कंपनसंख्येच्या लहरी अडकून उभ्या राहतात, आणि 16 फुटांच्या अंतरात त्या सेकंदाला सुमारे 35 आणि 70 कंपनांना उभ्या राहतात. काळी एकचा षड्ज सुमारे 139 कंपनांचा, म्हणजे त्याचा खर्ज 69च्या जवळपास. डग्ग्याचा घुमाराही बहुतेक त्याच टापूतला. या 70 कंपनांच्या लहरीचा जोर भिंतींलगत आणि खोलीच्या मधोमध सर्वांत जास्त असतो, आणि भिंतीपासून 4 फुटांवर तो जवळजवळ नाहीसा होतो. दादाचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला होता आणि स्पीकर समोरच्या दोन कोपऱ्यांत सारलेले होते. खोली जे स्वर फुगवत होती, तेच स्वर नेमक्या त्या जागी बसून आम्ही ऐकत होतो.

आम्ही सोफा पुढे ओढला. 4 फुटांवर डग्गा अगदीच पोकळ वाटू लागला, मग हळूहळू मागे सरकवत 3 फुटांवर थांबलो. स्पीकर कोपऱ्यांतून बाहेर काढले, मोकळ्या भिंतीपाशी पुस्तकांची कपाटे आणली आणि उघड्या फरशीवर जाड सतरंजी अंथरली. या सगळ्याला एक दुपार आणि दोन मजुरांची मजुरी एवढाच खर्च आला. मग पुन्हा मारवा लावला, आणि खाँसाहेबांनी स्वर लावण्याआधीच दादाने माझ्या हातावर हात ठेवला. मागचा तंबोरा ऐकू येत होता. नुसता एक गुंजारव म्हणून नव्हे, तर एकेक तार छेडली जाताना, तिची जवारी, म्हणजे तारेची झणझणती आस, खुलताना आणि पुढच्या तारेत मिसळताना. त्यानंतर दादाच्या मुलाने काकांचाच तंबोरा लावून हातभर अंतरावरून ध्वनिमुद्रित केला आणि तो आम्ही त्याच खोलीत वाजवला. गंधार बोलला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. काळी एकच्या खर्जाचा पाचवा उपस्वर, म्हणजे त्याच्या पाचपट कंपनांचा तो स्वयंभू गंधार, सुमारे 347 कंपनांचा असतो, आणि एवढी कंपने साधा स्पीकरही सहज काढतो. लहान ट्रान्झिस्टरमधून 69 कंपने जवळजवळ येतच नाहीत, तरीही त्यावर आपल्याला खर्ज ऐकू येतो, कारण वरचे उपस्वर मिळाले की मूळ स्वर मेंदू स्वतःच भरून काढतो. काका आयुष्यभर रेडिओवर गाणे ऐकून तृप्त होते, त्यामागे हेही एक कारण असावे. मोठा स्पीकर खालचा स्वर प्रत्यक्ष काढतो आणि त्याचे मोल आहेच, पण तो स्वर खोलीला पेलला नाही तर वरचे नाजूक उपस्वर त्याखाली झाकले जातात. स्वस्त संचात जे ऐकू येत होते, ते महागड्या संचात हरवल्यासारखे वाटते ते असे.

आता वायरींविषयी. त्या 80 हजारांचा मला आजही राग येतो. घरात प्लगसाठी वापरतात ती 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर प्रत्येक स्पीकरला 3 मीटर लावली, तर जाऊन-येऊन तिचा विजेला होणारा रोध एका ओहमच्या विसाव्या भागाहूनही कमी भरतो. स्पीकर 8 ओहमचा असतो. आम्ही ती वायर आणून लावली, दादाच्या मुलाने पडद्याआड नाणे उडवून सोळा वेळा वायर निवडली आणि दादाने ती ओळखायची असे ठरले. नऊ वेळा बरोबर आले, म्हणजे नाणे उडवून जेवढे आले असते जवळजवळ तेवढेच. दादाने तो कागद बराच वेळ हातात धरला होता. माझ्या 22 हजारांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचीही आम्ही तशीच परीक्षा घेतली. त्या वेळी मल्टिमीटरने दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा करून घेतला, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो. आम्ही ऐकतो तेवढ्या आवाजाला वॉट-दोन वॉट पुरतात, आणि तेवढ्यात त्या दोन अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक कोणालाच सांगता आला नाही.

यात दादाच्या कानांचा काही दोष नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी 1994 साली हर्मन या कंपनीतल्या 40 कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर एकदा डोळ्यांसमोर ठेवून आणि एकदा पडद्याआडून ऐकवले होते. समोर दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरना मिळालेले झुकते माप पडदा लावल्यावर बरेच उतरले, आणि ती माणसे तर ध्वनीच्याच व्यवसायातली होती. किंमत डोळ्यांना ठाऊक असली की कान तिच्याकडे झुकतात.

मग नऊ लाख वाया गेले का? स्पीकरचे पैसे गेले नाहीत, असे माझे ठाम मत आहे. संचातला सगळ्यांत मोठा दोष स्पीकरमध्येच शिरतो, आणि चांगला स्पीकर खरोखर चांगला असतो. फक्त पाच लाखांच्या तिसऱ्या हिश्शातही त्याच्या पुष्कळ जवळ पोहोचता येते. कुमार गंधर्व क्षयाच्या आजारपणात येथून जवळच देवासला येऊन राहिले आणि पुढे आयुष्यभर तेथेच राहिले. त्यांच्या एका मैफलीच्या ध्वनिमुद्रणात तानेआधीचा तो झटकन घेतलेला श्वास दादाच्या खोलीत इतका जवळून ऐकू आला, की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारातच उभ्या राहिल्या. तो श्वास माझ्या घरीही ऐकू येतो, पण ऐकायला कान द्यावा लागतो. येथे तो आपण होऊन समोर आला. मात्र जुन्या टेपची खरखर आणि मायक्रोफोनपासून बाजूला गेलेला स्वरही हे स्पीकर तितक्याच स्पष्टपणे दाखवतात. ध्वनिमुद्रणात जे टिपलेच गेले नाही, ते कोणताही संच आणून देऊ शकत नाही.

दुकानदाराने एकदाही खोलीची लांबी-रुंदी विचारली नाही, ही माझी खरी तक्रार आहे. त्या वायरी आता खोक्यात आहेत आणि दुकान त्या परत घ्यायला तयार नाही. खोलीची रुंदी 11 फूट असल्यामुळे 50 कंपनांच्या आसपासचा एक घुमारा अजून शिल्लक आहे, आणि त्यासाठी डावा स्पीकर बाजूच्या भिंतीपासून आणखी अर्धा फूट आत घ्यावा लागेल. तेथून वहिनींची देवघराकडे जायची वाट जाते. "दादा, आधी वहिनींना विचार," असे मी म्हणालो, तेव्हा वहिनींनी स्वतःच खडूने फरशीवर रेघ ओढून दिली आणि स्पीकर तिच्या अलीकडे ठेवा म्हणून सांगितले. येत्या रविवारी तेवढे काम करायचे आहे.