शब्द कुठे ठेवायचा

सोमवार

जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. त्याच्या आरंभीच्या सहा तुकड्या भिंतींवर, फळ्यांवर, बॅनरवर इतक्या वेळा लिहिल्या गेल्या आहेत की आता त्या कुणी वाचत नाही, नुसत्या ओळखतो. आज त्या शब्द मोजून वाचल्या.

विद्येविना मति गेली. मतीविना नीति गेली. नीतीविना गति गेली. गतीविना वित्त गेले. वित्ताविना शूद्र खचले. इतके अनर्थ एका अविद्येने केले.

पहिल्या पाच तुकड्यांत तीन-तीनच शब्द. एका तुकडीत जे जातं त्यावरच पुढची उभी राहते. साखळी असल्यामुळे मधली एकही कडी गाळता येत नाही, आणि अक्षरओळख नसलेल्यालाही दोनदा ऐकून पाठ होते, कारण पुढचा शब्द मागच्या तुकडीनेच हातात दिलेला असतो. ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिलं त्यांतल्या बहुतेकांना ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागणार होतं, हे लक्षात घेतलं की ही बांधणी किती विचारपूर्वक आहे ते कळतं.

खरी करामत क्रियापदांत आहे. गेली, गेली, गेली, गेले. चार वेळा काहीतरी नुसतं ‘जातं’, कुणी नेलं ते सांगितलेलं नाही. पाचव्या तुकडीत पहिल्यांदा माणूस येतो आणि तो जात नाही, खचतो. सहाव्या तुकडीत ‘केले’. म्हणजे हे आपोआप घडलेलं नव्हतं, करणारं कुणीतरी होतं, आणि त्याचं नाव जोतीरावांनी शेवटच्या शब्दाच्या अलीकडे राखून ठेवलं होतं. सुरुवात ‘विद्या’, शेवट ‘अविद्या’. मधे सगळं आयुष्य उद्ध्वस्त झालं आणि शब्दात फरक पडला एका ‘अ’चा.

हेच उलटं लिहून पाहिलं: अविद्येने अनर्थ केले, मति गेली, नीति गेली. अर्थ तोच, पण आता ती घोषणा झाली. आरोप आधी आला की ऐकणारा लगेच बाजू घेऊन मोकळा होतो, पुढचं त्याच्या कानावरून जातं. परिवर्तनाची म्हणून लिहिली जाणारी निम्मी गाणी इथेच फसतात. राग खरा असतो, पण तो पहिल्याच ओळीत खर्चून टाकलेला असतो.

मंगळवार

संत एकनाथांचं भारूड, रोडगा. ‘सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला.’ नवसाची भाषा घरोघरची, त्यामुळे पहिल्या ओळीला कुणी सावध होत नाही. मग सुनेच्या मागण्या सुरू होतात. गावी गेलेला सासरा तिकडेच खपव. जाच करणारी सासू लवकर निर्दाळ. फडफड बोलणाऱ्या जावेला बोडकी कर. नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज होऊ दे. नवऱ्याची तर आहुतीच देते, मला मोकळी कर. आणि शेवटी, एका जनार्दनी सगळेच जाऊ दे, एकलीच राहू दे मला.

क्रम बघण्यासारखा आहे. सासरा घरात नाहीच, म्हणून पहिल्या मागणीला हसायला कुणालाच अडचण येत नाही. सासू नेहमीची. जाऊ, नणंद, तिचं पोर या फेऱ्यात हसू वाढत जातं आणि श्रोता आपण कशाला मान डोलावतोय हे विसरतो. नवऱ्याची पाळी येईपर्यंत त्याने चार शाप मान्य केलेले असतात, आता मागे फिरायला जागा नाही. मगच ‘एकली’ हा शब्द. परमार्थात तो संग सुटल्याचा आनंद आहे, नातेवाईक म्हणजे मनाचे विकार. पण अंगणात मागे बसलेल्या बाईने पहिला अर्थ ऐकलेलाच आहे आणि दुसरा आल्यामुळे पहिला पुसला जात नाही. भारुडाचं बळ या दुहेरीपणात आहे. उघड विचारलं तर ‘देवाचं आहे हो’ म्हणता येतं.

सादर करताना दोन चुका हमखास होतात. एक, सासू म्हणजे काय आणि नणंद म्हणजे काय हे निरूपण गाण्याआधी उरकून टाकायचं. मग हसूही जातं आणि धक्काही. निरूपण नंतर, आणि तेही शेवटच्या ओळीनंतर थोडं थांबून. दुसरी चूक जास्त वाईट. लुगडं नेसलेला पुरुष किनऱ्या आवाजात, अंगविक्षेप करत सून रंगवतो. तेव्हा हसू घराच्या जाचावरून उठून बाईवर जाऊन बसतं. शब्द तेच राहतात आणि भारूड ज्यांच्या बाजूने लिहिलंय त्यांच्यावरच उलटतं. सून गंभीरपणे, अगदी मनापासून नवस बोलते आहे असंच गायला हवं.

नाथांच्याच ब्राह्मण-महार संवादात आणखी साधी युक्ती आहे. पहिलं वाक्य अपमानाचं, ब्राह्मणाच्या तोंडी. उत्तर मात्र शांत, की मायबाप तुमचे-आमचे एकच. संवादात कोण आधी बोलतो आणि कोण शेवटी, एवढ्यावर न्याय ठरतो. दुखावलेल्याला पहिलं वाक्य दिलं की तो भांडखोर वाटतो. शेवटचं दिलं की शहाणा.

बुधवार

ताराबाई शिंदे, बुलढाणा, ‘स्त्री-पुरुष तुलना’, १८८२. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवर अपत्यहत्येचा खटला चालला. वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर चिखलफेक झाली आणि त्यातून हे पुस्तक उभं राहिलं. पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापलं.

रचना वकिली थाटाची आहे. स्त्रियांच्या दुर्गुणांची यादी देणारा एक संस्कृत श्लोक बाई घेतात आणि यादी नाकारत नाहीत. एकेक दुर्गुण उचलून विचारतात, हा तुमच्यात नाही का? साहस, कपट, संशय, सगळं क्रमाने. विरोधकाचीच यादी वापरल्यामुळे ‘विषयाला सोडून बोलते’ असं म्हणायची सोय उरत नाही. शिवाय ‘पुरुष असे असतात’ असं न लिहिता ‘तुम्ही’ म्हणून समोर बसवून बोलतात. म्हणी, घरातली बोली, मधेच चिडून आलेलं लांबच लांब वाक्य. छापील पानावर इतकं बोलकं गद्य त्या काळात क्वचित.

याच पद्धतीत एक धोका आहे. यादी त्यांची असल्याने मैदानही त्यांचंच राहतं. सगळा वेळ उत्तरं देण्यात गेला तर आपला प्रश्न मांडायचा राहून जातो. ताराबाई त्यातून निसटतात. नवरा मेला तर बाईने काय केलं, बायको मेल्यावर दुसरं लग्न करणाऱ्याला कोण विचारतं, हा प्रश्न त्या यादीत नव्हताच, तो त्यांनी बाहेरून आणला.

टीका झाली. जोतीरावांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. या पुस्तकाकडेही पुढे जवळजवळ शतकभर दुर्लक्ष झालं, १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा समोर आणलं. या मधल्या वर्षांची मला फार चीड येते.

गुरुवार

थोडंसंच. ‘कीचकवध’, खाडिलकर, १९०७. व्हाइसरॉय कर्झनचं नाव नाटकात नाही, तरी कीचक कोण, द्रौपदी कोण, सोसत बसणारा धर्मराज कोण आणि भीम कोण हे थिएटरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. १९१० मध्ये बंदी आली. रूपक चालायचं तर किल्ली प्रेक्षकाच्या खिशात आधीपासून हवी, नाटककाराने ती हातात देऊ नये. महाभारत सगळ्यांना पाठ होतं म्हणून ते जमलं. स्वतः रचलेल्या गोष्टीत रूपक लपवलं तर एक तर ते कुणाला दिसत नाही, नाही तर पात्रांना भाषण करून ते उलगडावं लागतं.

शनिवार

गण, गौळण, बतावणी, वग. तमाशाचा हा क्रम प्रेक्षकाच्या अंगात मुरलेला असतो. गण सुरू झाला की हात जोडायचे, गौळणीत मावशी आली की हसायचं. सत्यशोधक जलशांनी हा साचा मोडला नाही. ढोलकी, तुणतुणं, झांज तीच. गणात मात्र गणपतीऐवजी निर्मिकाचं, म्हणजे जग निर्माण करणाऱ्याचं, स्तवन आणि वगात राजाच्या जागी भट, सावकार, कुलकर्णी. पुढे अण्णाभाऊ साठ्यांनीही गण ठेवला आणि वंदन केलं मायभूला आणि शिवछत्रपतींना. अमर शेख आणि गवाणकरांबरोबर १९४४ मध्ये त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, त्यामागे हीच समज होती. माणसं गणाला हात जोडणारच. मग हात कुणासमोर जोडले जातात एवढंच बदलायचं. साचा पूर्ण फेकून दिला असता तर प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत परका झाला असता. सगळा साचा तसाच ठेवला असता तर बदललंच काय? एकच सांधा निखळवायचा, आणि तो लवकर, पहिल्याच अंकात नव्हे, पहिल्याच गाण्यात.

‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत मात्र अण्णाभाऊंनी बरोबर उलट केलं. सांधा शेवटाकडे आहे. आधी सरळ विरह, मैनेचं रूप, पोटासाठी मुंबईला निघालेल्या माणसाची काहिली. मग मुंबई, तिथली श्रीमंती आणि तिथली उपासमार. आणि मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा. शेवटी गावाकडे राहिलेली मैना आणि तोडलेले बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव एकाच दुःखात येतात. आधीच्या कडव्यांत विरह जितका खरा वाटला तितकाच नकाशा दुखतो. मैनेचं वर्णन उरकून लवकर लढ्याकडे वळणारे गायक मी ऐकले आहेत. त्यांच्याकडे गाणं राहत नाही, ठराव राहतो.

आता गाण्याच्या अंगाने थोडं. पोवाड्यात मागे साथ करणाऱ्या झीलकऱ्यांचा ‘जी जी रं जी’ ओळीच्या शेवटच्या अक्षरावर चढतो. म्हणून जो शब्द कानात रुतायला हवा तो ओळीच्या अगदी टोकाला ठेवला तर झिलीखाली चेंगरतो. तो मधे किंवा सुरुवातीला ठेवायचा, नाही तर झीलकऱ्यांना तोच शब्द उचलायला द्यायचा, म्हणजे दहा तोंडांनी येतो. आकडे, तारखा, कलमं चालीत कोंबायची नाहीत. पोवाड्याच्या दोन चौकांच्या, म्हणजे कडव्यांच्या, मधे जे गद्य बोलतात ते त्यासाठीच असतं. डफ थांबतो, शाहीर सरळ बोलतो, तेव्हा आकडा ऐकू जातो. चालीत डोळ्यांपुढे उभं राहणारं चित्र, गद्यात पुरावा. ढोलकी द्रुतात गेल्यावर नवीन माहिती देऊच नये. त्या लयीत माणूस फक्त आधी ऐकलेलं पुन्हा म्हणू शकतो.

बतावणीत सरदार सरळ सांगतो आणि सोंगाड्या चुकीचं ऐकतो. पहिल्यांदा ऐकण्यातली चूक निरुपद्रवी, दुसऱ्यांदा जरा बोचरी, तिसऱ्यांदा ‘चुकून’ खरं बोलून गेलेली. चौथ्यांदा केलं की मजा गेली. सोंगाड्याने वर बघून बोलायचं असतं, पाटलाकडे, मंत्र्याकडे, सरदाराकडे. तो खाली बघून, नाचीच्या देहावर किंवा गरिबाच्या अडाणीपणावर बोलायला लागला की हशा दुप्पट होतो, पण त्या हशाने कुणालाच जाब विचारलेला नसतो.

रविवार

गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची माळ. विधान फार थोडं. ध्वनिमुद्रण ऐकताना एक ध्यानात येतं, की सुरुवातीचे प्रश्न घरातले असतात आणि त्यांची उत्तरं ‘हो’ किंवा ‘नाही’ या एका शब्दात देता येतात. चार-पाच उत्तरं मोठ्याने दिली की गर्दीचा आवाज एक होतो, संकोच मोडतो. मग असा प्रश्न येतो की त्याचं खरं उत्तर लोकांच्या रोजच्या वागण्याच्या विरोधात जातं. नवसाचं बकरं, ऋण काढून केलेला सण, शाळेत न घातलेलं पोर. आणि उत्तर त्यांच्याच तोंडून बाहेर पडतं. वरून कुणी उपदेश केला असता तर उलटून बोलता आलं असतं, स्वतःच्याच आवाजावर उलटायचं कसं? त्यावर ‘गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला’चा गजर, म्हणजे ते उत्तर मुरायला वेळ.

ही रीत उचलणारे वक्ते पहिले सोपे प्रश्न गाळतात. थेट अवघड प्रश्न विचारतात, समोर शांतता पसरते आणि मग घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतात. उत्तर वक्त्याने दिलं की संपलं. थांबायचं. तीन-चार सेकंद मंचावर फार लांब वाटतात, खाली बसलेल्याला नाही.

रात्री

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह पुन्हा काढला. १९७२. दलित पँथरही त्याच वर्षीची. वर लिहिलेल्या सगळ्यांनी ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या साच्यातून वाट काढली. ढसाळांनी वाट काढूनच दिली नाही. मुंबईच्या कामाठीपुऱ्यातल्या वेश्यावस्तीतले शब्द तसेच पानावर, खाली अर्थ नाही, कंसात समजूत नाही. प्रस्तावना लिहायला बसलेल्या तेंडुलकरांनाही शब्दांचे अर्थ विचारावे लागले, तो भाग फिरून पाहावा लागला, आणि त्यांनी ते प्रस्तावनेत सांगितलंही. आजवर लाजायचं ते वस्तीतल्या माणसाने, प्रमाण मराठी येत नाही म्हणून. इथे अडखळतो तो शिकलेला वाचक. अर्थासाठी त्याला कुणाकडे तरी जावं लागतं, आणि ज्याच्याकडे जावं लागतं तो आजवर त्याच्या दारात उभा असायचा. नव्या आवृत्तीत शब्दार्थांची पुरवणी जोडा अशी मागणी मधूनमधून ऐकू येते. जोडू नये.